एक वादक उशिरा थांबतो

सरकारी कागदावर शेरा लिहिण्याआधी तो घरी बायकोला वाचून दाखवावा, ही गोष्ट काटेकोरांना वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळली. तोपर्यंत शेरा जावक क्रमांक घेऊन पुढे गेला होता. सुटलेला बाण एक वेळ परत येईल, शेऱ्याला परतीची वाट नसते.

काटेकोर पाणीपुरवठा खात्याच्या अभिलेख कक्षात वरिष्ठ लिपिक होते. लिफाफ्यावरचं तिकीट तिरकं लागलं तर ते वाफेवर धरून सोडवायचं आणि पुन्हा सरळ लावायचं, हा त्यांचा स्वभाव. त्यावरून कार्यालयाने त्यांना काटेकोर हे नाव ठेवलं होतं. लोक ते चेष्टेने म्हणत आणि ते स्वतः पदवी म्हणून घेत, त्यामुळे दोन्ही बाजू समाधानी होत्या.

अभिलेख कक्षात नवं कपाट यायचं होतं आणि त्यासाठी जागा लागणार होती. कोपऱ्यात एक लोखंडी पेटी कित्येक वर्षं पाय पसरून बसली होती. ती उघडली तर आत चौसष्ट कॅसेटी निघाल्या. प्रत्येकीवर तारीख, वेळ आणि खात्याचा शिक्का.

झालं होतं असं, की एके काळी खात्याचा स्वतःचा बँड होता. वॉल्व्हवाले, मीटर वाचणारे, पंपावरचे, असे तेवीस कर्मचारी त्यात होते आणि सगळी वाद्यं पितळी. ढोल नाही, बासरी नाही, नुसते लहान-मोठे कर्णे. पंपघरात दर शनिवारी तीन ते साडेपाच सराव चाले आणि त्या वेळेपुरती या मंडळींना कामातून सूट असे. तेव्हा कोणा तपासणी अधिकाऱ्याने विचारलं की हे लोक तिथे खरोखर वाजवतात याला पुरावा काय. म्हणून सराव ध्वनिमुद्रित करायची पद्धत पडली. म्हणजे या कॅसेटी संगीत म्हणून कोणी केल्याच नव्हत्या. ते तेवीस जणांचं हजेरीपुस्तक होतं, फक्त फुंकून भरलेलं. पुढे बँड बंद झाला, वाद्यं गेली, माणसं निवृत्त झाली. पुरावा तेवढा राहिला. आपल्याकडे नेहमी तोच राहतो.

कॅसेटी फेकायच्या तर नियम आडवा आला. कोणतंही ध्वनिमुद्रित दप्तर नष्ट करण्यापूर्वी जबाबदार कर्मचाऱ्याने ते आरंभापासून अखेरपर्यंत ऐकून, नमुना चौदामध्ये शेऱ्यासह दाखला द्यायचा होता. आता जबाबदार कर्मचारी शोधणं आलं. अधीक्षकांना एकदम आठवलं, की मागच्या एका निरोप समारंभात काटेकोर हातात माइक आल्यावर म्हणाले होते, “संगीताची मलाही थोडीफार जाण आहे.” अशी वाक्यं माणूस टाळ्यांसाठी बोलतो. ती कोणी लक्षात ठेवील असं त्याला वाटत नाही. अधीक्षकांनी लक्षात ठेवलं होतं.

काटेकोरांना मनातून आनंदच झाला. गेल्या तीस वर्षांत त्यांना आवडीच्या कामासाठी कोणी निवडलं नव्हतं. ही आवड त्यांना आहे की नाही हा प्रश्न वेगळा.

पहिली अडचण यंत्राची. भांडारात एक टेपरेकॉर्डर होता, पण तो कागदोपत्री निकामी ठरला होता. निकामी वस्तू वापरायला देता येत नाही, असं भांडारपालाने लेखी कळवलं. तो चालतो की नाही हे पाहण्यासाठीसुद्धा देता येत नाही, असं दुसऱ्या पत्रात कळवलं. शेवटी काटेकोरांनी घरच्या माळ्यावरचा टेपरेकॉर्डर काढला. त्याचा पट्टा गेला होता. दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर चढवून सांगितलं की असा पट्टा आता मिळत नाही, आणि शिलाई मशिनीचा एक पट्टा कापून जोडून दिला. त्यामुळे यंत्र चालू लागलं, पण जरा रमतगमत. सगळं संगीत किंचित जड आणि दुःखी येई. काटेकोरांनी दाखल्याच्या तळाशी टीप टाकली: ‘दुःख यंत्रातील आहे.’

रोज संध्याकाळी कार्यालयातून आल्यावर दोन कॅसेटी, असा बेत ठरला. हातपाय धुऊन, समोर नमुना चौदा ठेवून, पेन उघडून ते बसत. ऐकणं अखंड व्हायला हवं असा नियमाचा अर्थ त्यांनी लावला. त्यामुळे मधे बोलायला मनाई, भांड्यांचा आवाज करायला मनाई, दार वाजलं तर ‘कॅसेट संपल्यावर’ अशी खूण. बायकोने पहिल्या दिवशी विचारलं की हे किती दिवस चालायचं. त्यांनी सांगितलं, “सरकारी काम आहे.” हे उत्तर त्यांच्या घरात वीस वर्षं चालत आलं होतं. प्रश्न कोणताही असो.

पहिल्या चार कॅसेटींवर त्यांनी प्रामाणिकपणे शेरा लिहिला: ‘संगीत आहे.’ अधीक्षकांनी कागद परत पाठवला. चारही शेरे सारखे आहेत, त्याअर्थी ऐकल्याचं दिसून येत नाही, प्रत्येक कॅसेटीचा स्वतंत्र शेरा अपेक्षित आहे. काटेकोरांच्या जिव्हारी लागलं. तिकीट सरळ लावणाऱ्या माणसावर न ऐकता सही केल्याचा संशय! त्या दिवसापासून ते कान टवकारून ऐकू लागले. ‘दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी खोकतो.’ ‘पंपाचा आवाज संगीतात मिसळतो, परंतु सूर जुळतो.’ ‘बँडमास्तर एकास गाढव म्हणतात. कोणास ते कळत नाही.’ असे स्वतंत्र, वेगवेगळे शेरे जाऊ लागले आणि अधीक्षक खूश झाले.

इमारत मात्र खूश नव्हती. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता आणि त्यांची संध्याकाळची वेळ नेमकी हीच. ते वर आले आणि म्हणाले की भूल दिलेला एक रोगी वरून तो खर्जातला हुंकार ऐकून खुर्चीतून उठून गेला, जबडा बधिर असल्यामुळे काही बोलताही आलं नाही त्याला. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी सल्ला दिला की कानात कापूस घालून बसा, समोरच्याला ऐकल्यासारखं वाटतं आणि आपल्याला त्रास नाही. हे सांगताना त्यांचे यजमान शेजारीच उभे होते आणि कौतुकाने पाहत होते. समोरच्या दारातले मास्तर निवृत्त होते आणि त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. पितळी वाद्यं नेहमी शेजारच्या खोलीतून ऐकावीत असं त्यांचं मत पडलं. हे मत द्यायला ते स्वतःची खुर्ची घेऊन याच खोलीत आले आणि रोज येऊ लागले. पितळात तांबं किती आणि जस्त किती, आणि ते जगात कुठे कुठे सापडतं, हे दोन कॅसेटींच्या मधल्या वेळेत कळू लागलं.

पुढे डॉक्टरांचा सूर बदलला. रोग्याला ‘तोंड उघडा’ म्हणावं लागत नाही, वरून मोठा कर्णा वाजला की ते आपोआप उघडतं, असा त्यांना अनुभव आला. त्यांनी कॅसेटींचं वेळापत्रक मागून नेलं. ते दवाखान्याच्या दारावर ‘आजचा कार्यक्रम’ म्हणून लागलं तेव्हा काटेकोरांना राग आला. दोन ठिकाणी अक्षर तिरकं होतं, ते त्यांनी जाऊन सुधारलं.

सतराव्या कॅसेटीला ती गोष्ट घडली. एक लांबलचक, संथ चाल होती आणि शेवटचा सूर सगळ्यांनी मिळून धरला होता. मग सगळे थांबले. पण एक वाद्य थांबलं नाही. सर्वांत खालचा, जाडा, म्हशीच्या गळ्यातून यावा तसा आवाज एकटाच पंपघरात उरला, सावकाश चालत गेला आणि मग थांबला. मास्तरांनी सांगितलं की तो ट्युबा. वाजवणाऱ्याच्या मांडीवर मुलासारखा बसतो, तेवढं मोठं वाद्य, आणि वजनही मुलाएवढंच.

काटेकोरांनी कॅसेट मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. त्यांना शोध लागल्यासारखा आनंद झाला. तेवढ्यात बायको ओले हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती टेपरेकॉर्डरकडे बघत म्हणाली, “अहो, हे तर...”

काटेकोरांनी बोट वर केलं. श्रवण चालू होतं.

ती थांबली. त्यांच्या बायकोची एक रीत होती. कोणतीही गोष्ट ती एकदाच सांगायला येत असे. दुसऱ्यांदा यायची नाही. काटेकोरांना ही रीत ठाऊक होती, पण सरकारी कामाच्या भरात ती विसरली गेली. त्यांनी नमुना चौदावर लिहिलं: ‘एक वादक उशिरा थांबतो.’

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक कॅसेटीत तो माणूस सापडला. तेवीस जण एकत्र सुरू होत, बावीस एकत्र थांबत आणि तो आपल्या सवडीने थांबे. काटेकोरांना आधी मजा वाटली, मग चीड येऊ लागली. त्यांच्या आयुष्यातली सगळी उशिरा येणारी, उशिरा जाणारी, उशिरा उत्तर देणारी माणसं त्या एका आवाजात गोळा झाली. शेरे धारदार होऊ लागले. ‘तोच वादक, पुन्हा.’ ‘बँडमास्तरांनी समज दिल्याचे ऐकू येत नाही.’ चाळिसाव्या कॅसेटीवर त्यांनी नुसतं लिहिलं, ‘सुधारणा नाही,’ आणि खाली रेघ ओढली.

एक बदल त्यांच्या लक्षात आला होता, पण त्याचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला. बायको आता संध्याकाळची कामं आधीच उरकून कॅसेटीच्या वेळी येऊन बसायला लागली होती. ती डोळे मिटून ऐके आणि शेवटचा सूर आला की थोडीशी हसे. काटेकोरांना वाटलं, आपल्यामुळे हिला गोडी लागली.

चौसष्ट दाखले पूर्ण झाले आणि गठ्ठा वर गेला. तो वाटेत आस्थापना शाखेत थांबला. तिथल्या मंडळींना संगीताशी घेणंदेणं नव्हतं, पण ‘उशिरा’, ‘पुन्हा’ आणि ‘सुधारणा नाही’ हे शब्द म्हणजे त्यांचा रोजचा भाजीपाला. एक कर्मचारी चौसष्टपैकी एकेचाळीस वेळा उशीर करतो आणि त्याच्या सेवापुस्तकात एक ओळ नाही, हे त्यांना सहन झालं नाही. ट्युबा कोणाच्या ताब्यात होता हे पाहण्यासाठी त्यांनी अभिलेख कक्षाकडे बँडचा जुना हजेरीपट मागवला. अभिलेख कक्षात काटेकोर होते. त्यांनी गठ्ठा क्रमांक पाहिला, धूळ झटकली आणि बांधलेला गठ्ठा न उघडता पाठवून दिला, कारण नियमाप्रमाणे मागणाऱ्यानेच उघडायचा असतो. काखेत कळसा म्हणतात तो असा. त्या गाठीखाली त्यांच्या सासऱ्यांचं नाव होतं.

सासरे खात्यात होते हे काटेकोरांना माहीत होतं. वॉल्व्हवर होते, एवढंच ते स्वतः सांगत. लग्न झालं तेव्हा बँड बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती. सासऱ्यांच्या भिंतीवर गणवेशातला एक फोटो होता खरा. पण जावयाने तो कधी जवळ जाऊन पाहिला नव्हता. ते मेव्हण्याकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत. बोलत कमी. काटेकोर त्यांच्या पाया पडत, तब्येत विचारत आणि वर्तमानपत्र उचलत. जावयाने याहून जास्त काही करायचं असतं, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

एका शनिवारी दुपारी सासरे आले. न कळवता आले, हेच नवल. छत्री कोपऱ्यात उभी केली, खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला आणि मुलीच्या हातात दिला. वय ऐंशीच्या घरातलं. ती मोठ्याने वाचू लागली:

“आपण सेवेत असताना शनिवारच्या सरावात वारंवार उशिरा थांबत असल्याचे श्रवणावरून निदर्शनास आले आहे. त्यानंतरही सुधारणा नाही. तरी असे का घडले याचा खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा सेवापुस्तकात तशी प्रतिकूल नोंद घेण्यात येईल.”

‘सुधारणा नाही’ या दोन शब्दांवर ती थांबली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. काटेकोर टेपरेकॉर्डरकडे पाहत होते. घरात पाहण्याजोगं दुसरं काही नसल्यासारखे.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “छत्तीस वर्षं नोकरी केली. एक मेमो नाही. सेवापुस्तक कोरं घेऊन बाहेर पडलो, जावईबापू. तुम्ही तिथलेच आहात. हे कोणी लिहिलं असेल?”

काटेकोर म्हणाले की वरिष्ठ पातळीवर असं काहीबाही होत असतं. कोणी एक माणूस असा नसतो.

“पण माणूस कानाचा पक्का आहे,” सासरे म्हणाले. “तेवीस माणसांत माझा सूर वेगळा ओळखला. बँडमास्तरांना कधी जमलं नाही.”

हे ऐकून काटेकोरांच्या मनात एकाच वेळी लाज आणि अभिमान असे दोन्ही आले. अशा प्रसंगी माणसाने चहा मागावा. बायको आत गेली आणि चहा घेऊन आली. दोन कप होते. एक बाबांना दिला आणि दुसरा घेऊन ती स्वतः बाबांच्या शेजारी बसली.

सासरे गेल्यावर तिने एवढंच सांगितलं, की लहानपणी ती शनिवारी पंपघराच्या पायरीवर बाबांची वाट पाहत बसे. आत सगळे थांबले की बाबांचा एकट्याचा आवाज येई आणि तो संपला की दोन मिनिटांत बाबा बाहेर. “मी सांगायला आले होते,” ती म्हणाली. मग आठ दिवस त्या घरात खरोखरीचं अखंड श्रवण झालं, कारण बोलणारं कोणी नव्हतं.

काटेकोर सोमवारी अधीक्षकांपुढे उभे राहिले. शेरा मागे घ्यायचा होता. अधीक्षकांनी शांतपणे समजावलं की शेरा मागे घेता येतो, पण मग तो खोटा ठरतो, म्हणजे न ऐकता ऐकल्याचा दाखला दिला असं होतं, आणि मग मेमो तुम्हाला. एकच मार्ग उरतो, फेरश्रवण समिती. तिघांनी बसून पुन्हा ऐकायचं, संबंधिताचा खुलासा घ्यायचा आणि शेरा लिहिणाऱ्याने साक्षीला हजर राहायचं.

इमारतीने हा विषय उचलून धरला. मास्तर म्हणाले, दोष पट्ट्यावर ढकला. दातांचे डॉक्टर म्हणाले, दाढ दुखत असली की सूर लांबतो असा दाखला मी देतो, फक्त कोणती दाढ ते ठरवा. वहिनींनी समितीसाठी कापूस देऊ केला. काटेकोरांनी चार वेळा सासऱ्यांकडे जाऊन खरं सांगायचं ठरवलं. दोनदा बसथांब्यापर्यंत गेले, एकदा बसमध्ये बसले, आणि चौथ्यांदा दाराशी पोचले तेव्हा सासरे झोपले होते. आपल्याला हायसं वाटलं याचीच त्यांना लाज वाटली.

समिती बैठकीच्या खोलीत बसली. मधे उपअभियंता, एका बाजूला विधी अधिकारी, दुसऱ्या बाजूला अधीक्षक. टेबलावर काटेकोरांचाच टेपरेकॉर्डर, कारण दुसरा नव्हता. सासरे इस्त्रीचा सदरा घालून, गुडघ्यांवर पत्र्याचा डबा ठेवून बसले होते. मुलगी सोबत आली होती, पण तिला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं.

उपअभियंत्यांनी विचारलं, “हा शेरा कोणाचा?”

काटेकोर उभे राहिले. “माझा.”

सासऱ्यांनी मान वळवली. चष्म्यातून बराच वेळ जावयाकडे पाहिलं. मग शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली आपली छत्री उचलून खाली ठेवली. “बसा,” ते म्हणाले.

काटेकोर बसले. तीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या अवघड खुर्चीवर ते कधी बसले नव्हते.

चाळिसावी कॅसेट लावली. चाल संपली, बावीस थांबले, एक राहिला, मग तोही थांबला. विधी अधिकाऱ्यांनी शंका काढली की हा यंत्राचा दोष नसेल कशावरून. काटेकोर आशेने मान हलवणार एवढ्यात उपअभियंते म्हणाले की यंत्र तेवीस जणांतल्या एकालाच कसं उशीर करील. मग त्यांनी सासऱ्यांना विचारलं, की का हो, तुम्ही उशिरा का थांबत होता?

सासऱ्यांनी डबा उघडला. आत सेवेचे सगळे कागद क्रमाने लावलेले होते, प्रत्येकाला दोरा. त्यांतून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला. ट्युब्याच्या सुरावटीचा कागद, खात्याच्या शिक्क्यासह. अधीक्षकांनी लगेच विचारलं की खात्याचा कागद घरी कसा. त्यावर सासऱ्यांनी दुसरा कागद काढला, पहिला घरी नेण्याची लेखी परवानगी. काटेकोर ते पाहत राहिले. या माणसाशी आपलं काही नातं असेल, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

“साहेब,” सासरे म्हणाले, “शेवटचा सूर आठ मात्रांचा आहे. इथे लिहिलंय. मी आठ मोजत होतो. बाकीचे पाचावर थांबायचे.”

“पाचावर का?”

“पाच चाळीसची बस असायची. ती चुकली की पुढची पावणेसातला. बँडमास्तर सगळ्यांत लांब राहायचे, म्हणून ते काठीच पाचावर खाली घ्यायचे. माझं घर पंपघराच्या मागेच. मला बस नव्हती.”

 मग समितीने कॅसेट पुन्हा लावली आणि मात्रा मोजल्या. अधीक्षकांच्या सात भरल्या आणि विधी अधिकाऱ्यांच्या अकरा, म्हणून शेवटी सासऱ्यांनाच मोजायला सांगितलं. ते हलक्या आवाजात मोजत गेले. पाचावर बावीस थांबले. आठावर ट्युबा थांबला, अगदी सुईच्या टोकावर. दुसरी कॅसेट लावली, तिसरी लावली. आठ म्हणजे आठ.

समितीने निर्णय दिला की संबंधित वादक वेळेवर थांबत असून इतर बावीस जण वेळेपूर्वी थांबत होते. सेवापुस्तक कोरं ठेवावं. बावीस जणांकडून खुलासे मागवावेत. ते मिळेपर्यंत कॅसेटी पुरावा म्हणून जतन कराव्यात. चौकशी केली तेव्हा बावीसपैकी अठरा हयात नव्हते आणि त्यांचे खुलासे येण्याची शक्यता विधी अधिकाऱ्यांनाही कमी वाटली. सबब जतन कायमचं ठरलं. पेटीच्या जागी कपाट येऊन उभं राहिलं होतं आणि टेपरेकॉर्डर खात्याकडे नव्हता. म्हणून पेटी काटेकोरांच्या घरी ठेवावी आणि त्यांनी सर्व कॅसेटी दर सहा महिन्यांनी ऐकून सुस्थितीचा दाखला द्यावा, असंही ठरलं. काटेकोरांनी तो आदेश ‘हात दाखवून अवलक्षण’ या मथळ्याखाली मनातल्या मनात फाइल केला.

बाहेरच्या बाकावर बायकोला सगळं कळलं तेव्हा ती उठून बाबांजवळ गेली आणि काही न बोलता त्यांचा डबा हातात घेतला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “चहा घ्याल ना, कार्यालयाच्या उपाहारगृहात?” आठ दिवसांतला तो पहिला प्रश्न. ती चहा सांगायला पुढे गेली आणि सासरा-जावई बाकावर मागे राहिले.

काटेकोरांनी घसा साफ केला. माफी मागायची होती, पण त्यांना मुद्देसूद माफी मागायची होती आणि मुद्दे सुचत नव्हते. तेवढ्यात सासरेच बोलले.

“जावईबापू, एक सांगू का? त्या पेटीचं म्हणाल तर... घरी फार लावू नका.”

“का, बाबा?”

“मला ते कधीच आवडलं नाही,” सासरे म्हणाले. “सूर बीर काही कळत नव्हतं मला. शनिवारी वॉल्व्हच्या खड्ड्यात उतरावं लागू नये म्हणून नाव दिलं. बाकीचे एकमेकांचं ऐकून वाजवायचे. मला ऐकून काही समजायचं नाही, म्हणून मी मोजायचो. छत्तीस वर्षांत सगळ्यांत कठीण नोकरी तीच. डोकं धरायचं.” ते थांबले आणि मुलगी परत येत नाही ना हे पाहिलं. “तिला वाटतं, माझा जीव होता त्यात. लहानपणी पायरीवर बसून ऐकायची. तिला कशाला सांगा.”

काटेकोर म्हणाले, नाही सांगणार. आयुष्यात प्रथमच कोणी त्यांना असं काही सांगितलं होतं, जे कुठेही नोंदवायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी पेटी त्यांच्या बैठकीत येऊन पोचली. बायकोने खुर्च्या मांडल्या. मास्तर आपली घेऊन आले, वहिनी यजमानांना घेऊन आल्या, दातांचे डॉक्टर सुट्टी असूनही आले. मधल्या आरामखुर्चीत सासऱ्यांना बसवलं. मुलीने स्वतःच्या हाताने सतरावी कॅसेट घातली आणि ती बाबांच्या पायाशी येऊन बसली, पंपघराच्या पायरीवर बसे तशीच बहुधा.

चाल सुरू झाली. सासऱ्यांनी डोळे मिटून मान मागे टेकवली. मास्तर काटेकोरांच्या कानाशी कुजबुजले, बघा, कसे तल्लीन झालेत. काटेकोरांना शेजारून सासऱ्यांचा उजवा हात दिसत होता. अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करत चालला होता आणि कपाळावर बारीक आठी होती.

शेवटचा सूर आला. पाचावर बावीस जण बस पकडायला गेले. जाडा, एकटा आवाज उरला. बायकोने वर बाबांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा काही झाला, की काटेकोरांनी नजर दुसरीकडे वळवली. अंगठा आठव्या पेरावर आला. आवाज थांबला.

सासऱ्यांनी डोळे उघडले. मुलीकडे पाहिलं, मग जावयाकडे. काटेकोर टेपरेकॉर्डर बंद करायला पुढे झालेच होते.

“लाव गं अजून एक,” सासरे म्हणाले.

काटेकोरांनी कॅसेट काढली, उलटी केली आणि परत घातली.